सोलापूर स्टेशनची रिटायरिंग रूम आणि नान्नजचा माळ

सोलापूरजवळच्या नान्नजला, माळढोक अभयारण्यातल्या गवताळ माळावर, पक्षी बघायला येणारे बहुतेक जण एकच चूक करतात. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, पावणेसातच्या आसपास सोलापूरला उतरायचं, चहा-नाश्ता करून गाडी ठरवायची आणि माळावर पोचायचं. तोवर साडेआठ-नऊ वाजलेले असतात. लांडगा केव्हाच आडोशाला गेलेला असतो, चंडोल गाऊन गप्प झालेले असतात आणि दुर्बिणीत हवा थरथरायला लागलेली असते. माळावरची सकाळ उजाडण्याच्या आधी सुरू होते, म्हणून मुक्काम आदल्या रात्रीचाच हवा. आणि त्या मुक्कामाला स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमइतकी (प्रवाशांसाठी रेल्वेची भाड्याची खोली) सोयीची जागा दुसरी नाही. गाडीतून उतरलं की खोली, पहाटे खोलीतून निघालं की रिक्षा-टॅक्सी समोर.

खोली आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर बुक होते आणि ती पीएनआरला बांधलेली असते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी पाहिजे, वेटिंगवर खोली मिळत नाही. खोली मिळते ती तुम्ही जिथे चढणार किंवा उतरणार त्या स्टेशनवर. इथे फसगत होते ती अशी: हैदराबादपर्यंत सलग तिकीट काढायचं आणि मध्ये सोलापूरला दोन दिवस उतरू म्हणायचं. त्या पीएनआरवर सोलापूर हे ना सुरुवातीचं स्टेशन असतं ना शेवटचं, त्यामुळे खोलीचं गणित जमत नाही. सोलापूरपर्यंतचं तिकीट वेगळं काढा, पुढचं वेगळं.

आता स्लॉट. बारा तासांचा स्लॉट सकाळी ८ ते रात्री ८ किंवा रात्री ८ ते सकाळी ८ असा असतो. स्वस्त पडतो म्हणून लोक रात्रीचा घेतात आणि मग सकाळी सात वाजताच माळावर घड्याळाकडे बघत बसतात, कारण आठला खोली सोडायची असते. माळासाठी रात्री ८ पासून पुढचे २४ तास घ्या. पहाटे सामान खोलीतच ठेवून निघता येतं, अकरापर्यंत परत येऊन आंघोळ, जेवण, झोप होते आणि दुपारी पुन्हा माळ गाठता येतो. ही मधली दुपारची विश्रांती चैन नाही. सोलापूरचं ऊन हिवाळ्यातही बारा ते तीन माणसाला निकामी करतं, आणि त्या वेळात माळावर दिसण्यासारखं फारसं नसतंही.

पुण्याहून येणाऱ्यांना संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटणारी हुतात्मा एक्सप्रेस सगळ्यात चांगली, रात्री दहाच्या आसपास सोलापुरात सोडते. मुंबईहून दुपारी सुटणारी वंदे भारत साडेदहानंतर पोचते. पुण्याहून सकाळी निघणारी इंद्रायणी दुपारी दीडच्या सुमाराला येते. तिने आलात तर खोलीचा दिवसाचा स्लॉट घेऊन त्याच दिवशीची संध्याकाळ आधी पदरात पाडून घेता येते. निघण्यापूर्वी वेळापत्रक एकदा तपासून घ्या, वेळा अधूनमधून बदलतात.

खोल्या मोजक्या असतात आणि त्या पक्षीनिरीक्षकांमुळे नव्हे, देवदर्शनाच्या गर्दीमुळे भरतात. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर या चारही ठिकाणची माणसं सोलापूरला उतरतात. त्यामुळे गुरुवारच्या आगेमागे, पौर्णिमेला, नवरात्रात आणि आषाढी-कार्तिकीला खोली मिळणं अवघड. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा तर शहरातली लॉजही भरलेली असतात. पक्ष्यांसाठी जानेवारी उत्तम, पण यात्रेचा आठवडा टाळून या. गुरुवारपासून लांबचा वार बघा.

खोली ताब्यात घेताना बुकिंगची पावती, तिकीट आणि मूळ ओळखपत्र लागतं. मोबाइलमधल्या फोटोवर भागेल असं धरून चालू नका. टॉवेल, साबण आणि एक चादर स्वतःची ठेवा (सोलापुरात चादर विसरून आलात तरी अडत नाही म्हणा, चाटी गल्लीत हवी तेवढी मिळते). कुलूपही जवळ असू द्या. खोली सोडल्यावर सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं झालं, तर कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत. झोप सावध असेल तर कानात घालायला कापूस लागतो. हा मुंबई-चेन्नई मार्ग आहे, रात्रभर गाड्या आणि घोषणा चालू असतात. १८६० मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सोलापूरला पोचली तेव्हा बोरघाट अजून पुरा व्हायचा होता, तो १८६३ मध्ये झाला. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं इथून मुंबईला जाणारा माणूस घाटाशी गाडीतून उतरे आणि पालखीने किंवा गाडीवाटेने घाट ओलांडून खाली दुसरी गाडी धरी. १८७१ मध्ये रायचूरला हा मार्ग मद्रासकडच्या रेल्वेला मिळाला. तेव्हापासून या फलाटावर रात्र कधी शांत राहिलेली नसावी.

पहाटेची गाडी आदल्या संध्याकाळीच ठरवा. नान्नज बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. बार्शीकडच्या एसटी गावावरून जातात, पण अंधारात निघायचं तर एसटीचा उपयोग नाही, आणि गावापासून माळावर हिंडायला वाहन लागतंच. ठरवताना जाणं-येणं आणि थांबण्याचे तास दोन्ही बोलून घ्या. नुसतं 'नान्नजला सोडा' म्हटलं तर चालक सोडून परततो आणि अकरा वाजता रस्त्यावर उन्हात उभं राहायची वेळ येते. डिसेंबरअखेर सूर्य सात वाजण्याच्या थोडा आधी उगवतो, सप्टेंबरात सव्वासहाला. त्याच्या पाऊण-एक तास आधी स्टेशन सोडलेलं असावं.

त्या वेळी नाश्ता कुठे मिळणार? उत्तर सोलापूरकरांनी केव्हाच शोधून ठेवलंय: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी कोरडी असते, चांगली बांधून ठेवली तर कित्येक दिवस टिकते, पिशवीत चुरली तरी बिघडत नाही. चटणीसाठी तेलाची छोटी बाटली किंवा दही घ्या. पाणी माणशी दोन लिटर, थंडीतसुद्धा.

नान्नज हे राष्ट्रीय उद्यान नाही, माळढोक अभयारण्याचा भाग आहे, आणि हे अभयारण्य जंगलासारखं दिसत नाही. १९७९ मध्ये ते घोषित झालं तेव्हा क्षेत्र होतं तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आजही तुम्ही बघता तो गवताचा तुकडा आणि शेजारची ज्वारी, तूर यांच्यात फक्त एक बांध असतो. आत शिरण्याआधी वनखात्याकडे नोंद करा, स्थानिक वाटाड्या घ्या, ठरलेला रस्ता सोडू नका.

माळढोक दिसेल ही आशा धरून येऊ नका. मन दुखतं, पण खरं तेच सांगायला हवं. सगळ्या जगात मोकळ्या रानात हे पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, मादी साधारणपणे एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढं वजन घेऊन उडताना विजेची तार दिसली तरी वळायला अवकाश राहत नाही. त्यात माळ म्हणजे पडीक जमीन, तिथे झाडं लावली की भलं होतं, ही समजूत. गवताळ पट्ट्यात गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली आणि माळावरच्या पक्ष्यांची मोकळी जागा आकसली. गवत हीच इथली खरी वनसंपत्ती आहे.

जे दिसतं ते मात्र भरभरून. उजाडताना काळवीटांचे कळप, काळे नर वेगळे उठून दिसतात. लांडगा आणि खोकड याच पहिल्या तासात. लांडग्यासाठी धनगरांच्या मेंढ्यांच्या वाड्याकडे लक्ष ठेवा आणि धनगरांना विचारा, त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. कुणी गुहा दाखवली तर तिचा ठिकाणा कुठेही टाकू नका. धाविक हा पक्षी उंच गवतात शोधू नका, तो आखूड गवताच्या किंवा खडकाळ उघड्या जमिनीवर पळत-थांबत चालतो. भाट तित्तिर सकाळी, सूर्य चांगला वर आल्यावर पाणवठ्यावर थव्याने येतात. रात्रीचा बारा तासांचा स्लॉट घेणाऱ्यांचं नेमकं हेच हुकतं. ऑक्टोबर ते मार्च भोवत्ये (हॅरिअर, शिकारी पक्षी) असतात, दिवसभर गवतावरून खालून-खालून तरंगत फिरतात.

गाडीतून उतरू नका, गाडी हाच उत्तम आडोसा. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी, म्हणजे माळाच्या पूर्वेच्या बाजूला उभी करा. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवू नका. पावसाळ्यात बरेच पक्षी जमिनीवर अंडी घालतात, तेव्हा गवतात पाऊल टाकायचंच नाही. नंतर गवत वाळलं की कुसळीची कुसळं लोकरी मोज्यात आणि सैल विणीच्या पँटीत घुसतात आणि काढता काढता नखं दुखतात. घट्ट विणीची सुती पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला, मोजे पँटीच्या आत राहू द्या.

दुपारी साडेतीनला पुन्हा निघा. सूर्य कलला की भोवत्ये चारी दिशांनी गोळा होतात, बराच वेळ घिरट्या घालतात आणि अंधारताना एकेक करून गवतात जमिनीवरच मुक्कामाला उतरतात. त्या वेळी दिवे बंद ठेवून दुरूनच बघा. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, साडेसहाला निघालात तर आठच्या आत खोली रिकामी करता येते. मुंबईची परतीची सिद्धेश्वर साडेदहाच्या सुमाराला सुटते. मधल्या दोन-अडीच तासांसाठी सामान क्लोकरूमला टाका आणि जेवून घ्या.