तुम्ही विचारलंत म्हणून : हसन कुठे आहे?

नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "हुसेन का? मग हसन कुठे आहे?" एस.टी.त शेजारी बसलेले काका विचारतात, नव्या शाळेत रुजू झालो तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, लग्नाच्या पंगतीत ओळख करून दिली की व्याहीमंडळी विचारतात. ही दोन नावं लव-कुशासारखी जोडीनं येतात एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. कुणी जरा थांबलं तर अर्थही विचारतं. उभ्या उभ्या तो नीट सांगता येत नाही. आज बसून सांगतो.

हसन म्हणजे सुंदर, चांगला. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांवर उभा असतो. स्वर बदलले, मागेपुढे एखादं अक्षर लागलं की त्याच कुळातला दुसरा शब्द तयार. ह-स-न यातूनच हुस्न आला, म्हणजे सौंदर्य. हसीन आणि हसीना हिंदी गाण्यांमुळे सगळ्यांच्या तोंडी आहेत. एहसान म्हणजे भलेपणानं वागणं, आणि तसं वागणारा तो मोहसिन. आपल्या 'चांगला'चं आहे तसंच: दिसायला चांगली म्हणतो आणि माणूस चांगला आहे असंही म्हणतो. माझ्या वर्गातल्या पोरांना हसन म्हणजे 'हसणारा' वाटतं. चूकच आहे, पण ती दुरुस्त करायची मला कधी घाई होत नाही.

आणि हुसेन म्हणजे छोटा हसन.

अरबीत लहानपण दाखवायचा एक साचा आहे. पहिल्या व्यंजनाला उकार, दुसऱ्याला 'ऐ'. उमरचा उमैर होतो, अब्दचा उबैद. जुंद म्हणजे फौज, तिच्यावरून जुनैद. मांजरीला हिर्रा म्हणतात आणि तिच्या पिल्लाला हुरैरा. प्रेषितांचे एक सहकारी मांजराचं पिल्लू जवळ बाळगायचे म्हणून त्यांना अबू हुरैरा हेच नाव पडलं, आणि आज हजारो हदीस, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, त्याच नावावर सांगितल्या जातात. सुहैल हे नावही याच साच्यातलं. तो एक तारा आहे, आपण त्याला अगस्त्य म्हणतो.

या साच्यात माया भरलेली आहे. इब्न म्हणजे मुलगा, त्याचं लहान रूप बुनय्य. कुराणात महापूर आलेला असताना नूह आपल्या मुलाला हाक मारतात, 'या बुनय्या', नावेत ये. मुलगा काही कुक्कुलं बाळ नाही. मी डोंगरावर चढून वाचेन असं बापाला उलटून सांगण्याएवढा मोठा आहे. तरी डोंगराएवढ्या लाटांमध्ये बापाच्या तोंडी 'बाळा' हेच येतं. हे पहिल्यांदा अर्थासह वाचलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

मराठीचा शिक्षक म्हणून मला आणखी एका गोष्टीचं अप्रूप आहे. फळ्यावर मी 'हसन' लिहितो. मग 'ह'ला खाली उकार देतो, 'स'वर एक मात्रा. झालं हुसेन. अरबीत जे घडतं तेच देवनागरीत डोळ्यांसमोर घडताना दिसतं, व्यंजनांना हातसुद्धा लागत नाही.

देवनागरीत दिसत नाही ते मौलवीसाहेबांनी शिकवलं. हा आपला साधा 'ह' नव्हे, घशातून येतो. आरशावर वाफ सोडताना जसा श्वास सोडतो तसा सोडायचा. लहानपणी मी खिशातला छोटा आरसा तोंडापुढे धरून माझंच नाव घोकायचो, काच धूसर झाली की जमलं. 'स'ही अरबीत दोन आहेत. जड 'स' वापरला तर अर्थ होतो छोटा किल्ला, आणि ते वेगळंच नाव. 683 मध्ये मक्केला वेढा घालणारा उमय्या खलिफांचा सेनापती हुसैन बिन नुमैर, तो या किल्ल्यावाला. आपल्या लिपीत दोघांचं नाव एकच दिसतं, म्हणून वाचणाऱ्यानं जपून वाचावं.

ज्यांच्यामुळे हे नाव जगभर गेलं ते प्रेषित मुहम्मदांचे नातू. हसन थोरले, जन्म मदिनेत 625 मधला. हुसेन त्यांच्या पाठचे, 626 मधले. परंपरा सांगते की वडील अलींच्या मनात मुलाचं नाव हर्ब ठेवायचं होतं. हर्ब म्हणजे युद्ध. आजोबांनी ते बदलून हसन केलं, दुसऱ्या वेळीही तसंच झालं आणि धाकटा हुसेन ठरला. तीच परंपरा म्हणते की मूसांचे भाऊ हारून यांच्या मुलांची नावं शब्बर आणि शब्बीर होती, त्यांच्या तोलाची ही नावं ठेवली. आपल्याकडचे सगळे शब्बीरभाई त्या अर्थानं हुसेनच. हसन 670 मध्ये गेले. हुसेन गेले हिजरी 61 च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी, 10 ऑक्टोबर 680 ला, आज इराकमध्ये असलेल्या करबलात. खलिफा यझीदची सत्ता मान्य करायला नकार दिला, पाणी तोडलं गेलं, बरोबर मोजकी माणसं, परंपरेनं बहात्तर. एका आजोबांनी लाडानं ठेवलेलं नाव त्या दिवसानंतर माणसं छाती पिटून घेऊ लागली.

म्हणून ते शियांचंच आहे असं नाही. सुन्नी घरांत तितकंच आहे. तुर्क हुसेयिन म्हणतात, इराणी होसेन, अझरबैजानात त्याचं हुसेनोव आडनाव झालं. जॉर्डनचे राजे हुसेन 1952 ते 1999 गादीवर होते. इजिप्तचे अंध लेखक ताहा हुसेन अरबी साहित्यात फार मोठे. पश्चिम आफ्रिकेतल्या मुसलमान घरांत तर जुळे मुलगे झाले की बहुधा हसन-हुसेन हीच नावं. हौसा लोकांत जुळ्या मुलींनाही त्यांचीच स्त्रीरूपं देतात.

आपल्या मातीतलं सांगायचं तर हुसेन अंबरखानांनी गीतेवर मराठीत ओवीबद्ध टीका लिहिली, तिला 'अंबरहुसेनी' म्हणतात. चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 चा, पंढरपुरातला. फिदा हुसेन म्हणजे हुसेनवर जीव ओवाळून टाकणारा. तबल्याचे झाकिर हुसेन माहीमला वाढले. वडील अल्लारखाँ कुरेशी, मग मुलगा हुसेन कसा, असं लोक विचारतात. ते आडनाव नाहीच, नावाचाच भाग आहे. मोहरमच्या मजलिशीत करबलाची आठवण सांगणाऱ्याला झाकिर म्हणतात. त्या अर्थानं पूर्ण नाव 'हुसेनची आठवण सांगणारा' असं होतं. हे कळल्यापासून त्यांचा तबला मला वेगळा ऐकू येतो.

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगावचे उंचच उंच ताबूत बघायला लांबलांबून माणसं येतात. तिथे ताबूत हिंदू घरांचेही असतात आणि भेटीच्या वेळी खांदा कुणाचा हे कुणी पाहत नाही. अब्बा मला खांद्यावर घेऊन न्यायचे. वर बघता बघता माझी टोपी मागे पडायची. चहूकडून माझं नाव ऐकू यायचं, आणि हे सगळे मला का बोलावतात असं मी अब्बांना विचारल्याचं अम्मा सांगायची.

ती आरोळी किती दूर गेली बघा. इंग्रज शिपायांच्या कानांनी 'या हसन, या हुसेन'चं 'हॉब्सन-जॉब्सन' केलं, आणि 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांनी आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला तेच नाव दिलं. उसाच्या मळ्यांवर कामाला नेलेल्या आपल्या लोकांनी मोहरम त्रिनिदादला नेला. तिथे त्या सणालाच होसे म्हणतात, हुसेनवरून. 1884 मध्ये तिथल्या मिरवणुकीवर ब्रिटिशांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मरणाऱ्यांत हिंदूही होते.

आता पहिला प्रश्न. हसन कुठे आहे?

हसन माझा थोरला भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही. दीड वर्षाचा असताना तो तापानं गेला, माझ्या जन्माआधी दोन वर्षं. मी झालो तेव्हा नाव काय ठेवायचं यावर घरात बोलणं चाललं होतं. जोडीचं नाव नको, जखम उघडी राहील, असं आत्याचं म्हणणं. दादीनं मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "ये छोटा हसन है. इसकू हुसेन बोलो." दादीला अक्षरओळख नव्हती. अरबीचं व्याकरण तर कुठून असणार. मोठ्याच्या पाठचा म्हणून छोटा, एवढंच तिला म्हणायचं होतं. ती शब्दशः खरं बोलली होती, हे मला कॉलेजात गेल्यावर, ती गेल्यानंतर कळलं. तिला सांगायचं राहून गेलं.

शेजारच्या आक्का मला 'हुसन्या' म्हणायच्या, म्हणजे मुळातल्या लहान नावाला मराठीनं आणखी एकदा लहान केलं. दादी कधी कधी चुकून हसन अशी हाक मारायची. मी ओ द्यायचो. अम्मा अशा वेळी चुलीकडे तोंड करून काहीतरी ढवळत राहायची.

आमच्या गावच्या कब्रस्तानात कुंपणालगत एक वीतभर दगड आहे. अब्बांनी त्यावर ऑइलपेंटनं नाव लिहिलं होतं, देवनागरीत. पावसानं ते फिकं होतं. शब-ए-बारातच्या आधी मी घरून पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणि वर्गातल्या चित्रकलेचा ब्रश घेऊन जातो. हात माझ्याच नावाच्या सवयीचा, 'ह' काढला की आपोआप खाली वळायला बघतो. तिथे थांबावं लागतं. ह, मग स, मग न.