पेनांगच्या निळ्या हवेलीत मुक्काम

मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्ज टाउन शहराच्या चिनी वस्तीला लागून, लीथ स्ट्रीटवर 14 नंबरला चाँग फॅट झी या हक्का समाजातल्या चिनी व्यापाऱ्याची हवेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. आता तिथे हॉटेल आहे. बुकिंग दोन रात्रींचं करा, कारण दिवसा मधल्या चौकात टूरवाल्यांची वर्दळ असते. पहिली टूर सुरू व्हायच्या आत, सकाळी सात-साडेसातला खाली उतरलात तर चौक तुमचाच. टूर मात्र चुकवू नका, खोलीत राहून घर कळत नाही.

चौकात उभं राहून आधी वर बघा. ग्लासगोहून आणलेले बिडाचे खांब, त्यांच्या मागे चिनी कोरीव लाकूड. छपराच्या कडेला फुलं-पक्षी आहेत, ते रंगवलेले नाहीत. चिनी मातीच्या रंगीत वाट्या चिमट्याने तोडून एकेक तुकडा चुन्यात बसवलाय. भिंतीचा निळा रंग म्हणजे चुन्यात कालवलेली नीळ, आणि ती नीळ तेव्हा आपल्याकडून, हिंदुस्थानातून जायची. चुना ओल शोषतो आणि सोडतो, म्हणून या दमट हवेत भिंत टिकते. वरून ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून पडतो. आजूबाजूच्या जुन्या घरांत हे जागोजागी दिसेल. चौक उघडा असल्याने पाऊस थेट आत येतो. चिनी समजुतीप्रमाणे ही लक्ष्मीच, पण ओल्या ग्रॅनाइटवर गुळगुळीत तळव्याची चप्पल घसरते.

खोली घेताना रस्त्यापासून लांबची मागा. अप्पर पेनांग रोडचे बार जवळ आहेत. गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली बुकिंग करतानाच मागून घ्या. परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे रात्रीला 10 रिंगिट पर्यटन कर काउंटरवर वेगळा भरावा लागतो. प्लग तीन चौकोनी पिनांचा, आपला गोल पिनांचा चालत नाही.

मलेशियात पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत तिथलं डिजिटल अरायव्हल कार्ड सरकारी साइटवर भरा. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट खोटी. विमानतळावरून 401ई बसने कोमटार या उंच टॉवरच्या बस-थांब्यावर उतरा आणि तिथून पंधरा-वीस मिनिटं चाला. ड्रायव्हर सुटे परत देत नाही, नेमके पैसे हातात ठेवा. सामान जड असेल तर सरळ ग्रॅब ही अ‍ॅपवरची टॅक्सी.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. भाजीच्या वाटणातही बलाचान, म्हणजे सुकट आंबवून केलेला गोळा, असतो आणि चार क्वे तिआव, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या रुंद नूडल्स, बहुधा डुकराच्या चरबीत परततात. मलय भाषेत ‘तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा उदांग, तानपा बलाचान’ असं एकेक नाव घेऊन सांगा: मांस, मासा, कोळंबी, बलाचान नको. केंग क्वी गल्लीतलं चेंडोल बिनधास्त खा. नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा आणि पांदान या सुवासिक पानाच्या हिरव्या शेवया. बर्फ वितळायच्या आत संपवा, नंतर पाणचट होतं.