८० गोण्या आणि "होय / नाही": सोसायटीच्या चौकशीचा माझा अनुभव

प्रश्न क्रमांक ७: "घटनेच्या दिवशी गोडाऊनला कुलूप लावले होते काय? होय / नाही." अशा प्रश्नांच्या एका छापील प्रपत्रापायी आमच्या विकास सोसायटीतून गायब झालेल्या ८० युरियाच्या गोण्यांची चौकशी अख्खा पावसाळा रखडली. ते प्रपत्र आठवलं की आजही माझं डोकं तापतं. उद्या कुणावर सोसायटीत, दूध संस्थेत किंवा शाळेच्या समितीत अशी चौकशी करायची वेळ आली, तर त्याने माणसांशी बोलायचं काम कागदावर सोपवू नये, एवढ्यासाठी हे लिहितोय.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो. सरतपासणी (साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षानेच त्याला विचारणं), उलटतपासणी, फेरतपासणी ऐकत आणि उतरवत नोकरी संपली. निवृत्तीनंतर पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या आमच्या गावी शेती बघतो, आणि गावाने सोसायटीवर संचालक म्हणून निवडून दिलंय.

कापसाला युरिया द्यायचे दिवस होते. शनिवारी गोडाऊनमधला साठा मोजला तर ८० गोण्या कमी. पॉस मशीन, म्हणजे खतविक्री नोंदवणारं यंत्र, मात्र गोण्या शिल्लक दाखवत होतं. २०१८ पासून अनुदानाचं खत पॉसवर घेणाऱ्याची ओळख पटवूनच, बहुतेकदा आधारचा अंगठा घेऊन, विकावं लागतं. विक्री झाली की मशीनमधला साठा आपोआप घटतो. मशीनमध्ये माल आहे आणि जमिनीवर नाही, याचा अर्थ गोण्या अंगठा न लावताच बाहेर पडल्या. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे ८० गोण्यांचे २१ हजार ३२० रुपये. रक्कम छोटी वाटेल. पण त्याच आठवड्यात रांगेत उभं राहून माणसं रिकाम्या हाताने परत गेली होती, त्यात दोन एकर कोरडवाहूवाले होते.

चावी तिघांच्या हाताशी होती: गटसचिव, विक्री बघणारा लिपिक आणि गोडाऊनवर काम करणारा पोरगा. गावाने पहिल्याच दिवशी पोराला चोर ठरवलं. का, तर तो मान खाली घालून बोलतो, अडखळतो, त्याला घाम फुटतो. अहो, आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यात डोळे घालून बोलणाऱ्या पोराला उद्धट म्हणतात, आणि चौकशीत तोच मान खाली घालून बसला की चोर! खोटं बोलणारा नजर चुकवतो हा समज जगभर आहे आणि तो टिकत नाही. बाँड आणि डीपॉलो या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. माणसं खरं-खोटं सरासरी ५४ टक्के वेळा ओळखतात, एवढंच हाती आलं. नाणं उडवलं तरी ५० टक्के. एक संचालक तर म्हणाले, "तिघांची नार्को करा." सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करायला मनाई केली आहे, हे मी त्यांना बैठकीतच सांगितलं.

ठराव झाला, नोटिसा निघाल्या, तिघेही हजर राहिले. तिथपर्यंत काहीच अडचण नव्हती. मग तालुक्याच्या कार्यालयातून ते प्रपत्र आलं.

सगळे प्रश्न होय-नाहीचे. कुलूप लावले होते काय? होय. साठा रजिस्टर लिहिले होते काय? होय. गैरप्रकार निदर्शनास आला काय? नाही. तिघांनी भरलेली तीन प्रपत्रं शेजारी ठेवली तर सहीशिवाय फरक दिसेना. दिसणार कसा? उत्तर प्रश्नातच बांधलेलं होतं. न्यायालयात याला सूचक प्रश्न म्हणतात. समोरच्या पक्षाने हरकत घेतली तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय सरतपासणीत तो विचारता येत नाही. आधी १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४६ मध्ये आहे. सोसायटीच्या चौकशीला तो कायदा तंतोतंत लागू नसेल, पण त्यामागचं कारण तर लागू आहे! "कुलूप लावले होते काय" असं विचारलं की समोरच्याला फक्त मान हलवायची असते. खोटं बोलायला त्याला एक शब्दसुद्धा स्वतःचा खर्चावा लागत नाही.

म्हणून मी प्रपत्र बाजूला ठेवलं. कोरे कागद घेतले, एकेकाला वेगळं बसवलं आणि एवढंच म्हणालो, "शुक्रवारी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय झालं, ते तुझ्या बोलीत सांग. मी मधे बोलणार नाही." जसं बोलले तसं उतरवलं, अहिराणीसकट.

ते जबाब कार्यालयाने परत पाठवले. शेरा असा: "विहित प्रपत्रात नाहीत. भाषा अशुद्ध. पुनरुक्ती व विसंगती आढळते." मी चकरा मारल्या. साहेब दौऱ्यावर, मग बैठकीत, मग त्या टेबलाचा माणूस बदलला, नव्याला फाईल सापडेना. अखेर तिथल्या एका बाबूने मदत म्हणून तिन्ही जबाब स्वतःच "शुद्ध" करून टाइप केले. ते वाचून मी हादरलो. पोरगा म्हणाला होता, "ताडपत्री फाटेल व्हती म्हणून मी पुढच्या गोण्या आत ओढल्या. नाही नाही, आधी जेवलो, मग पाऊस आला, मग ओढल्या." टाइप झालेलं वाक्य असं: "सदर दिवशी पर्जन्यामुळे माल सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आला." फाटकी ताडपत्री गेली, जेवण गेलं, "नाही नाही" गेलं. आणि मूळ कागदावर "नाही नाही, आधी जेवलो" या शब्दांखाली लाल शाईने लिहिलेलं होतं, "विसंगती".

या लाल शाईचा राग माझ्या मनातून जात नाही. बोलता बोलता स्वतःहून चूक दुरुस्त करणं, "हे मला आठवत नाही" म्हणणं, फाटक्या ताडपत्रीसारखा कामाबाहेरचा तपशील सांगणं ही आठवणीतून बोलणाऱ्याची लक्षणं मानतात. लहान मुलांच्या साक्षी तपासण्यासाठी जर्मनीत असे निकष तयार झाले आणि १९८९ मध्ये स्टेलर आणि क्योन्केन यांनी त्यातले १९ एकत्र मांडले. पाठ केलेली गोष्ट सांगणारा सहसा स्वतःला दुरुस्त करत नाही, कारण त्याला सलग आणि चोख दिसायचं असतं. कार्यालयाने नेमका उलटा न्याय लावला. घडघड बोलला तो खरा आणि थांबून आठवणारा खोटा.

आता लिपिकाचा मूळ जबाब. त्याची सकाळ फार नेटकी होती: चहा, पॉसचं चार्जिंग, कोण कोण आलं, कुणाचा अंगठा उमटत नव्हता. हे सगळं अहिराणीत. दुपारपर्यंत प्रत्येक वाक्यात "मी". नंतर असं: "मंग सहा वाजता गोडाऊन बंद करण्यात आलं. मी रोज सहाला कुलूप लावतो, चावी कपाटात ठेवतो. मंग मी घर गऊ."

तीन गोष्टी मला तिथेच खटकल्या. सकाळी सगळं "मी" करत होता, संध्याकाळी गोडाऊन कुणीतरी बंद केलं. शुक्रवारबद्दल विचारलं होतं, उत्तर "रोज"चं आलं. रोज काय करतो हे खरंच असतं, त्यामुळे ते सांगताना माणसाला खोटं बोलावं लागत नाही. आणि नेमक्या त्या वाक्याला त्याची बोली सुटली आणि दप्तरातली मराठी आली. एरवी माणूस साहेबांपुढे तशी मराठी बोलतोच, त्यात वावगं काही नाही. गोष्टीच्या मधेच एका वाक्यापुरती बोली बदलली, म्हणून मी तिथे खूण केली. शिवाय त्या "मंग"मध्ये किती तास मावलेत हे त्याने सांगितलं नव्हतं.

बाबूच्या टायपिंगमध्ये तिघांचंही गोडाऊन "बंद करण्यात आले". माझी खूण पुसली गेली होती.

पण अशा खुणेवर कुणाला दोषी धरता येत नाही, हे फार महत्त्वाचं आहे. पुढे कुठे विचारायचं, एवढंच ती सांगते. एवढ्या गोण्या गाडीशिवाय हलत नाहीत, म्हणून मी गावातल्या आयशरवाल्याकडे त्या आठवड्याच्या काटा पावत्या मागितल्या, त्याने कुरकुर न करता आणून दिल्या. एक पावती शुक्रवारची, संध्याकाळी ७.४० ची, नक्त वजन ३,६१० किलो. ८० गोण्या गुणिले ४५ म्हणजे ३,६०० किलो, वर रिकाम्या पिशव्यांचं वजन. त्याचं भाडं वजनावर ठरलं होतं म्हणून त्याने काटा केला होता. त्याला ती फक्त भाड्याची फेरी होती.

ही पावती मी खिशात ठेवली. लगेच दाखवली असती तर लिपिकाने तिच्याभोवती गोष्ट रचली असती. २००६ मध्ये स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला. पुरावा केव्हा आणि कसा पुढे करायचा हे शिकवलेल्या प्रशिक्षणार्थी पोलिसांनी खरं-खोटं सुमारे ८५ टक्के वेळा ओळखलं, न शिकवलेल्यांनी ५६ टक्के.

लिपिकाला पुन्हा बोलावलं. चहा झाला. कागद-पेन्सिल देऊन म्हणालो, "शुक्रवारी संध्याकाळचं गोडाऊन काढून दाखव. कुठे काय उभं होतं?" पोराने आधीच काढलं होतं: बैलगाडी, डबकं, दोन्ही शटर, आणि पाच वाजता चावी कुठल्या ओट्यावर लिपिकाच्या हातात दिली ते. आयशरवाल्यानेही काढलं होतं, गाडीची पाठ मागच्या शटरला. लिपिकाने पुढचा दरवाजा काढला, काटा काढला, नोटीस बोर्डसुद्धा काढला. रोज तिथे काम करणाऱ्या माणसाच्या चित्रात मागचं शटरच नव्हतं.

मी त्यावर काही बोललो नाही. म्हणालो, "आता रात्री झोपलास तिथून मागे मागे ये." झोपायच्या आधी जेवण. जेवायला किती वाजले? नऊ, बायको रागावली होती. त्याआधी? "घर उनू." कुठून? घर गोडाऊनपासून पाच मिनिटांवर. सहाला कुलूप, नऊला घर. मी विचारलं, "सहा ते नऊ?" आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. आपल्या जिभेवर पुढचा प्रश्न तयार असतो, तो गिळावा लागतो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मीटिंग व्हती." कुणाची, ते सांगता येईना. तेव्हा पावती टेबलावर ठेवली, आकडा त्याच्याकडे करून.

त्याने पावती दोनदा वाचली. मग म्हणाला, "नाना, चावी मी दिधी." गावाबाहेरच्या एका व्यापाऱ्याला माल दिला होता आणि पुढे नातेवाइकांचे अंगठे लावून पॉस जुळवायचं ठरलं होतं. हे सांगताना पुन्हा प्रत्येक वाक्यात "मी" आला. मी त्याला एकदाही "खोटं बोलतोस" म्हटलं नव्हतं, आवाज चढवला नव्हता, आणि शेजारी दोन संचालक साक्षीला बसलेले होते. तसे असलेच पाहिजेत. एकट्याने घेतलेला कबुलीजबाब उद्या दबावाचा ठरतो.

कार्यालयाचा अडथळा कसा सुटला ते सांगायचं राहिलं. प्रपत्र नाकारू नका, ते भरा. मी प्रत्येक चौकटीत "जोडपत्र पाहावे, पान अमुक" लिहिलं आणि मूळ हस्तलिखित जबाब, चित्रं आणि काटा पावती जोडली. चौकटी भरलेल्या होत्या, त्यामुळे अपूर्ण म्हणून परत पाठवता येईना. आवक क्रमांक घेतला तो थेट माझ्या प्रतीवर. हे आधी कळलं असतं तर पावसाळा वाया गेला नसता, पण असं करता येतं हे त्या कार्यालयातल्या एकाही माणसाने सांगितलं नाही.

आणखी एक. तिघांना एकत्र बसवून कधीच विचारू नका, पहिल्याने वापरलेले शब्द बाकीचे दोघे उचलतात. स्वतःचे शब्दही त्यांना देऊ नका. मी "चोरी" हा शब्द शेवटपर्यंत वापरला नाही, "गोण्या" एवढंच म्हणत राहिलो. पहिल्यापासून "चोरी" म्हणणारा गटसचिव होता. त्यात काही निघालं नाही, तो नुसता घाबरलेला होता, आणि त्याचं शुक्रवारचं तालुक्याला जाणं तिथल्या हजेरीवरून जुळलं. खटकलेली प्रत्येक गोष्ट अशी बाहेरून ताडून बघायची, माणसाच्या बाजूने निघाली तर तेही तितक्याच ठळकपणे अहवालात लिहायचं.

रक्कम वसूल झाली, सहकार कायद्याच्या कलम ८८ खालची जबाबदारी निश्चित करायचं काम पुढे चालू आहे. पोरगा परत गोडाऊनवर आला. त्याच्याबद्दल बैठकीत जे बोलले गेलं ते इतिवृत्तातून काढून न टाकता, तो निर्दोष असल्याचा ठराव त्याच पानाखाली घ्यायला मी लावला. जबाब घेतल्यावर तो ज्याचा त्याला त्याच्याच बोलीत मोठ्याने वाचून दाखवा, खाडाखोड झाली असेल तिथे त्याची छोटी सही घ्या, आणि प्रत्येक पानाखाली पूर्ण सही.