चूळ तोंडात, पाणी नाकात

वरची उजवी दाढ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली, तर उजव्या नाकपुडीतून पाणी टपटप बेसिनमध्ये. पुन्हा भरून बघितली. पुन्हा तेच. ह्यांना हाक मारली तर आवाजही शेंबडा निघाला.

तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "काकू, तोंड उघडं ठेवून नाक चिमटीत धरा आणि नाकातून हळूच हवा सोडून बघा." नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे दोन्ही एकदम! हातातल्या आरशात बघते तर दाढेच्या खळग्यातून रक्ताचे बारीक बुडबुडे येत होते.

गालाच्या हाडामागे, वरच्या दाढांच्या थेट डोक्यावर, एक पोकळी असते. मॅक्सिलरी सायनस. साधारण १५ मिली, म्हणजे तीन चमचे पाणी मावेल एवढी. तिचा तळ आणि दाढेची मुळं यांच्यात कधीकधी कागदाएवढंच हाड असतं. माझ्या एक्स-रेमध्ये मुळं त्या पोकळीत डोकावताना स्पष्ट दिसत होती. मग आधी सांगायला काय झालं होतं, हे मी विचारलंच. उत्तर मिळालं नाही.

दाढ निघताना त्या हाडाला भोक पडलं होतं, तोंडातून पोकळीत आणि तिथून नाकात जाणारी वाटच. असं भोक दोन मिलिमीटरपर्यंत असलं तर बहुधा आपोआप बुजतं. माझं मोठं होतं. भूल देऊन गालाच्या आतलं मांस सैल केलं आणि खळग्यावर ओढून टाके घातले. दुखलं काहीच नाही, पण गाल ओढला जातोय हे कळत होतं.

खरी परीक्षा नंतर. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शहाळं स्ट्रॉने प्यायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून द्यायची. आमच्या घरात रोज मिरचीची फोडणी! खमंग वास सुटला की मी आ वासून गॅलरीत पळायची. समोरच्या वहिनींना वाटलं, मला वेड लागलं.

मुलाने वाचून दाखवलं, नथॅनियल हायमोर नावाच्या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये या पोकळीचं वर्णन केलं. त्याच्याकडे आलेल्या एका बाईचा सुळा काढल्यावर असंच भोक पडलं होतं. तिने त्यात पिसाची काडी घातली, ती आत जातच राहिली, आणि मेंदूत शिरली की काय म्हणून ती घाबरली. मी निदान काडी घातली नाही.

दहाव्या दिवशी टाके निघाले. तिथल्याच बेसिनवर भीत भीत चूळ भरली. पाणी तोंडातच राहिलं. नाकाला बोट लावून बघितलं, कोरडं. "शिंकरायचं मात्र आणखी चार दिवस नाही," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी सर्दी झाली.