बॅलीवॉनचं कॉटेज आणि बाबांचा कातळ

आई-बाबा देवगडहून आले होते तेव्हा मे महिन्यात आम्ही डब्लिनहून गाडी काढली आणि काउंटी क्लेअरमधल्या बॅलीवॉनजवळ चार दिवस एक कॉटेज घेतलं. तेव्हापासून तीन-चार मैत्रिणींनी विचारून झालं की तिथे बघायला काय आहे, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी घराचं. कॉटेजला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, फक्त सात अक्षरांचा एअरकोड, म्हणजे आयर्लंडचा पिनकोड, तो मॅपवर टाकला की गाडी थेट दारात. गरम पाण्यासाठी इमर्शनचं, म्हणजे टाकीतल्या विजेच्या हीटरचं, बटण असतं, ते अंघोळीच्या तासभर आधी लावायचं. पहिल्या दिवशी मला हे सुचलंच नाही आणि आईने बिचारीने थंड पाण्याने अंघोळ केली, मला अजून वाईट वाटतं. शेगडीत टर्फ जाळतात, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. बाबांनी एक तुकडा हातात घेऊन वजन बघितलं, म्हणाले, "अगो, ही तर गोवरीच!"

पण जायचं ते बर्रेनसाठी. मैलोन्मैल राखाडी चुनखडीचा उघडा दगड, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी तयार झालेला, त्यात पावसाच्या पाण्याने झिजून पडलेल्या लांब फटी. वाकून आत बघितलं तर नेचे, आणि फटीच्या कडेला नखाएवढं जेन्शियनचं फूल, इतकं गडद निळं की आई तिथेच खाली बसली. आमच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, भादव्यात सीतेची आसवं ही निळी रानफुलं फुलतात ना, अगदी तसंच वाटलं, दगड वेगळा पण भाव तोच. शेतांच्या कडेला मातीचुना न लावता रचलेले गडगे, हुबेहूब कोकणातले. शेजारच्या शेतकऱ्याने सांगितलं की ते गुरं उन्हाळ्यात नाही, हिवाळ्यात वर डोंगरावर चारायला नेतात, कारण दगड उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, आणि वाढलेलं गवत हिवाळ्यात गुरांनी खाल्लं की वसंतात फुलांना जागा आणि उजेड मिळतो. बाबा त्याच्याशी अर्धा तास बोलत होते, निम्मं हातवाऱ्यांनी.

पोलनाब्रोनचं दगडी थडगं तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, तिकीट नाही. पाच हजार वर्षांहून जुनं, 1986 च्या खोदकामात तीसेक माणसांची हाडं सापडली, त्यात लहान मुलंही होती. हे वाचल्यावर आम्ही कोणीच फोटो काढायची घाई केली नाही. सकाळी लवकर जा, नंतर बसेस येतात.

क्लिफ्स ऑफ मोहर हे समुद्रकाठचे कडे सगळ्यांना माहीत आहेत, 214 मीटर उंच, सुंदर आहेत, वारा फार, आईला टोपी कानावर बांधावी लागली. पोहायला किंवा नुसतं चालायला फॅनोरची पुळण छान. संध्याकाळी डूलिनला पबमध्ये बासरी, फिडल ऐकायला बसा, तिथले मिको रसेल टिन व्हिसलसाठी, म्हणजे पत्र्याच्या छोट्या बासरीसाठी, प्रसिद्ध होते, 1994 साली गेले. मेमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे परतताना भीती वाटत नाही, रस्ते मात्र एका गाडीपुरतेच, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायची तयारी ठेवा.

शेवटच्या दिवशी न्यू क्वेला गेलो. तिथली कालवं कच्चीच खातात, वर लिंबू पिळून. बाबांनी आयुष्यभर कोयत्याने खडकावरची कालवं फोडली, पण कच्चं कधी खाल्लं नव्हतं. एक खाल्लं, समुद्राकडे बघत बसले, आणि मग म्हणाले, "अजून सहा सांग."