मिकलसन ट्रेल, ब्लॅक हिल्स: कस्टरच्या पुढचा माळ सोडू नका

मंडळी, ब्लॅक हिल्सचा अपडेट द्यायचा राहिला होता, आता सविस्तर लिहितो. साउथ डकोटातला मिकलसन ट्रेल, डेडवूड ते एजमाँट, १०९ मैल म्हणजे आपले साधारण १७५ किमी, आमच्या मिनियापोलिस आणि ओमाहाच्या मराठी सायकलवाल्यांनी सप्टेंबरमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत केला, शिवाय मधे एक दिवस ट्रेल सोडून कस्टर स्टेट पार्कमध्ये डांबरी रस्त्यावर फिरलो. आधीच सांगून टाकतो, बरेच जण बोगद्यांचा आणि लाकडी पुलांचा उत्तरेकडचा भाग करतात आणि कस्टर गावाला सायकली गाडीवर चढवून घरी निघतात. माझ्या मते कस्टरच्या खालचा माळ केला नाही तर टूर अर्धीच झाली, आणि ग्रुपने जायचा खरा फायदा कळतो तो तिथेच.

ज्यांना हा ट्रेल नवीन आहे त्यांच्यासाठी: ही मूळची रेल्वे लाइन, १८९०-९१ मध्ये टाकलेली, १९८३ मध्ये बंद पडली, मग रूळ काढून त्यावर चुनखडीची बारीक खडी पसरली. पहिला छोटा तुकडा १९९१ ला सुरू झाला आणि पूर्ण ट्रेल १९९८ ला. ज्या गव्हर्नरने हे काम उचलून धरलं ते जॉर्ज मिकलसन १९९३ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांचं नाव ट्रेलला दिलंय. शंभराहून जास्त जुने रेल्वे पूल आणि चार बोगदे. वाफेच्या इंजिनाला झेपेल असा मार्ग काढलेला असल्यामुळे चढ बहुतेक सगळीकडे ४ टक्क्यांच्या आत. आता सिंहगड चढणारे पुण्यातले लोक ४ टक्के ऐकून म्हणतील यात काय, पण घाटात वळण आलं की जरा मोकळं मिळतं तसं इथे काही नाही, तोच चढ तासन्‌तास, आणि खाली खडी असल्यामुळे चाक जरा धरून ठेवल्यासारखंच वाटतं. एका लयीत पेडल मारत राहणं हेच इथलं कौशल्य.

सेटअप: माझी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीची सायकल, ४० एमएमचे ट्यूबलेस टायर (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं सीलंट), हवा ३५ पीएसआयच्या आसपास. पुढे कॉम्पॅक्ट क्रँक, म्हणजे कमी दात्यांची चक्रं, मागे कॅसेट, म्हणजे गिअरचक्रांचा संच, त्यातलं मोठं चक्र ३४ दाती, ती पुरली. दोघांनी ३२ एमएमवर केलं, जमलं त्यांना, पण उतारावर भुसभुशीत खडी आली की दोघांचेही हात ब्रेकवर. मिनियापोलिस पडलं सपाट, त्यामुळे उन्हाळाभर नदीकाठच्या एकाच चढावर वर-खाली करत होतो आणि आठवड्यातून एकदा वाऱ्याविरुद्ध लांब राइड. यातलं दुसरं जास्त कामी आलं, ते पुढे येईलच. सामान सगळं सपोर्ट गाडीत, ती वहिनी चालवत होत्या. बारा वर्षांपासून वरच्या सगळ्यांना ट्रेलचा पास लागतो.

डेडवूड साधारण साडेचार हजार फुटांवर, तिथून निघालं की ड्युमाँटपर्यंत पंचवीसेक किमी जवळजवळ सलग चढ, ड्युमाँट सहा हजार फुटांच्या वर. सकाळी चार-पाच डिग्री होतं, सगळे जॅकेट घालून निघाले आणि पाच किमीत सगळ्यांची जॅकेटं कमरेला. उंचीवर दम लागतो हे वाचलं होतं, प्रत्यक्षात हार्ट रेट नेहमीपेक्षा बराच वर राहतो आणि वेग कमी केल्याशिवाय खाली येत नाही. आमच्यातले सगळ्यात मोठे ओमाहाचे काका, साठी ओलांडलेली, त्यांनी पहिल्यापासून गप्पा मारता येतील एवढाच स्पीड धरला आणि वर पोचले तेव्हा सगळ्यात ताजेतवाने तेच होते. ड्युमाँटनंतर रॉशफोर्डपर्यंत मस्त उतार, ओढा बाजूने, पाँडेरोसा पाइन दोन्हीकडे, उन्हात या झाडाच्या सालीला व्हॅनिलासारखा वास येतो, थांबून नाक लावून बघा खरंच येतो. पुढे मिस्टिकच्या आसपास बोगदे आणि पूल. फोटो सगळे इथलेच निघतात आणि जागा आहेच तशी, त्यावर जास्त लिहीत नाही. मुक्काम हिल सिटी.

हिल सिटी ते कस्टर अंतर फक्त २५ किमीच्या आसपास, पण सुरुवातीलाच चांगला नऊशे-हजार फूट चढ. वाटेत डोंगरात कोरत असलेलं क्रेझी हॉर्स या लाकोटा सरदाराचं शिल्प दिसतं, काम १९४८ पासून चालू आहे, चेहरा १९९८ ला पूर्ण झाला, बाकी अजून चालूच. तिथे थांबून आम्ही बराच वेळ बोललो. हे डोंगर लाकोटा या इथल्या मूळ लोकांचे, त्यांच्यासाठी पवित्र, १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या करारात हे त्यांचेच राहतील असं अमेरिकन सरकारने लिहून दिलं होतं. मग १८७४ ला अमेरिकन लष्करी अधिकारी जॉर्ज कस्टरच्या मोहिमेला इथे सोनं सापडलं आणि काही वर्षांतच जमीन हिसकावली. १९८० ला सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली, दहा कोटी डॉलरच्या वर, ती लाकोटांनी आजपर्यंत घेतलेली नाही, त्यांना जमीन परत हवीय. ज्या गावात आम्ही राहिलो त्याचं नावच कस्टर. हे माहीत असूनच इथे सायकल चालवावी असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी कस्टर स्टेट पार्क, वाइल्डलाइफ लूप रोड, १८ मैल. रस्ता सारखा वरखाली, सलग असा एकही चढ नाही पण संध्याकाळी मांड्या सांगतात किती झालं ते. डोंगर आणि प्रेअरी एकमेकांत कशी मिसळतात ते इथे दिसतं, वरच्या अंगाला पाइन आणि खाली मोकळं गवत. पार्कात तेराशे-चौदाशे बायसनचा कळप असतो आणि सप्टेंबरच्या शेवटी घोड्यांवरून त्यांना गोळा करायचा मोठा कार्यक्रम होतो, आम्ही त्याच्या आधी गेलो म्हणून गर्दी नव्हती. एका वळणाच्या पुढे कळप रस्त्यातच उभा. नर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि मनात आलं तर ताशी पन्नासच्या वर पळतो, म्हणून नियम साधा, शंभर यार्ड लांब राहायचं, आणि सायकलवर असाल तर सपोर्ट गाडी मधे घ्यायची. वहिनींनी गाडी आडवी लावली आणि आम्ही तिच्यामागे चिक्की खात थांबलो, अर्धा तास तरी गेला असेल, कुणीही घाई केली नाही.

आता माळाकडे. कस्टरहून प्रिंगलपर्यंत झाडं आहेत, प्रिंगलला रस्त्याकडेला जुन्या सायकलींचा भलामोठा ढीग रचलाय, ग्रुप फोटो तिथे. तिथून पुढे पन्नासेक किमी एजमाँटपर्यंत ना गाव ना दुकान, आणि हळूहळू झाडं विरळ होत होत संपतातच. मग नुसतं गवत. सप्टेंबरात लिटल ब्लूस्टेम तांबूस झालेलं असतं, मधूनच प्राँगहॉर्न हरणं उभी, आभाळ एवढं की पुढचा माणूस ठिपका वाटतो. नकाशावर हा सगळा उतार आहे, प्रिंगल ते एजमाँट चौदाशे फुटांच्या वर खाली येतो आपण. पण त्या दिवशी वारा दक्षिणेकडून, थेट तोंडावर, आणि उतारावर पेडल मारूनसुद्धा एकट्याचा स्पीड १४-१५ च्या वर जाईना.

तेव्हा काकांनी सगळ्यांना थांबवून ओळ लावून दिली. पुढचा दोन-तीन मिनिटं ओढणार आणि डावीकडून मागे येणार, खडीवर ब्रेक लांबून लागतो म्हणून दोन चाकांत एका सायकलएवढं अंतर, आणि जो थकलाय त्याने पुढे यायचंच नाही, शेवटी राहून फक्त आवाज द्यायचा. वारा तिरका झाला की ओळही तिरकी करायची. स्पीड २० वर गेला आणि तिथेच राहिला. उत्तरेच्या भागात आम्ही प्रत्येक जण आपापल्या चालीने चढत होतो, ड्युमाँटला भेटू म्हणून सुटलो होतो. इथे मात्र कुणाचा श्वास कसा चाललाय हे मागच्याला कळत होतं. मला वारा खाऊन पुढे ओढायला एवढं आवडेल असं वाटलं नव्हतं, पण मागे आपली माणसं आरामात बसलीयत म्हटल्यावर पायात वेगळाच जोर येतो.

एक काळजी घ्या, दक्षिणेकडे ट्रेलच्या कडेला गोखरू आहे, आपल्याकडचंच, तेच दोन शिंगांचे काटे. फोटो काढायला सायकल गवतात आडवी टाकू नका, उचलून खडीवर उभी करा. ट्यूबलेसवाल्यांचं सीलंटने भागलं, ट्यूब वापरणाऱ्या दोघांना मात्र बसून काटे वेचावे लागले. पाणी माणशी तीन लिटर तरी भरून निघा, सावली शोधून सापडत नाही. शीप कॅनियनला पूर्वी सव्वाशे फूट उंचीचा रेल्वे पूल होता, आता तिथे भराव आहे, त्यावरून जाताना खाली बघितलं की इंजिनियरांनी काय काम केलंय ते कळतं.

एजमाँटला पोचलो, वहिनींनी गाडीतल्या शेगडीवर मेतकूट भात करून ठेवला होता, त्यावर तूप. पुढच्या वर्षी उलट करायचा विचार आहे, एजमाँटहून वर, म्हणजे दक्षिणेचा वारा पाठीशी आणि शेवटचा मोठा चढ ड्युमाँटला. त्यासाठी मागची कॅसेट ३६ ची घेणार आहे आणि हिवाळ्यात ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल लावून चालवायच्या स्टँडवर, लांब, कमी जोराचे सेशन चालू करतोय. ज्यांनी उत्तरेकडे जाऊन केलाय त्यांनी सांगा, पहिला मुक्काम प्रिंगलला धरावा की एका दमात कस्टर गाठावं?