न्यूजरीडर, पाच मिनिटं आणि कावळा

भाचा इंजिनिअरिंगला आहे, सध्या आमच्याकडे कोथरूडलाच राहतो. परवा रात्री माझ्या मागे उभा राहून बघत होता, म्हणाला मामा, हे काय, आउटलुकचं जुनं व्हर्जन का? म्हटलं नाही रे, न्यूजरीडर आहे, युजनेट वाचतोय (युजनेट म्हणजे इंटरनेटवरचे जुने चर्चेचे ग्रुप, आणि ते वाचायचं सॉफ्टवेअर म्हणजे न्यूजरीडर). त्याचा चेहरा असा की मामा अजून तार ऑफिसात जातो. आणि मग स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "आपलं फायबर शंभर एमबीपीएसचं आहे ना, मग दोन हजार मेसेज यायला एवढा वेळ का लागतोय?"

प्रश्न बरोबर होता. मी उत्तर द्यायला बसलो आणि रात्रीचे साडेबारा वाजले, बायको दोनदा ओरडून गेली, तेव्हा म्हटलं इथेच लिहून टाकू.

हिशोब बघा. टेक्स्ट ग्रुपमधली एक पोस्ट साधारण ३ केबी धरू, म्हणजे दोन हजार पोस्ट ६ एमबी. शंभर एमबीपीएसवर ६ एमबी म्हणजे अर्धा सेकंद. पण न्यूजरीडर आणि सर्व्हरचं बोलणं कसं चालतं, तर रीडर म्हणतो हे आर्टिकल दे, सर्व्हर देतो, ते हातात पडलं की रीडर म्हणतो आता पुढचं दे. माझ्याकडून युरोपातल्या सर्व्हरला पिंग मारला, म्हणजे नुसती जाऊन-येऊन लागणारी वेळ मोजली, तर दीडशे मिलिसेकंदाच्या आसपास येतो. दोन हजार गुणिले ०.१५ म्हणजे तीनशे सेकंद, पाच मिनिटं. डेटा अर्ध्या सेकंदाचा आणि बाकी सगळी नुसती येरझार. आई तुम्हाला मीठ आणायला पाठवते, मीठ आणलंत की म्हणते आता साखर आण, साखर आणली की आता जिरं, तसं. वाण्याकडे माल भरपूर आहे, रस्ताही मोकळा आहे, आपण फक्त चालतोय. मग इंटरनेटचा प्लॅन दोनशे एमबीपीएसचा घ्या नाहीतर हजारचा, काय फरक पडणार?

यावर उपाय दोन. एक म्हणजे चार कनेक्शन उघडायची, चार पोरांना वाण्याकडे पाठवल्यासारखं, मग पाच मिनिटांचं सव्वा मिनिट होतं (सर्व्हरवाले कनेक्शनवर लिमिट लावतात, पन्नास पोरं पाठवता येत नाहीत). दुसरा उपाय पाइपलायनिंग, म्हणजे उत्तराची वाट न बघता यादीच देऊन टाकायची. २००६ च्या आरएफसी ३९७७ मध्ये, म्हणजे एनएनटीपीच्या (रीडर आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम) नव्या स्पेसिफिकेशनमध्ये, याला सरळ परवानगी आहे. आधीचं आरएफसी ९७७ होतं १९८६ चं. तरी न्यूजरीडर घेताना लोक विचारतात "स्पीड किती देतो", आणि कनेक्शन किती उघडतो, पाइपलायनिंग करतो का, हे दोन प्रश्न विचारत नाहीत.

हेडर्सचं, म्हणजे पोस्टच्या माथ्यावरच्या माहितीचं, गणित वेगळं. सब्जेक्ट, फ्रॉम, तारीख, मेसेज-आयडी, रेफरन्सेस, बाइट्स, ओळी, हे सगळं एका पोस्टमागे एका ओळीत येतं आणि अख्ख्या रेंजसाठी एकच कमांड पुरते, त्यामुळे येरझार नाही. ओळ चारशे बाइटची धरली तर पन्नास हजार पोस्टचे हेडर्स २० एमबी, फायबरवर दोन सेकंदात खाली. मोडेमच्या काळात सेकंदाला ५ केबी मिळाले तरी आनंद, तिथे हेच २० एमबी म्हणजे तासाहून जास्त आणि वर फोनचं बिल. मी फ्री एजंट नावाचा न्यूजरीडर वापरायचो तेव्हा, फोर्टे कंपनीचा. त्याची पद्धतच तशी होती, लाइन जोडा, हेडर्स घ्या, लाइन तोडा, मग चहा घेत निवांत सब्जेक्ट बघून हव्या त्या पोस्टवर खूण करा, परत जोडा आणि फक्त तेवढ्याच बॉडीज, म्हणजे पोस्टचा मजकूर, आणा. वडील फोनजवळ घड्याळ घेऊन बसलेले असायचे, त्यामुळे खूण करताना हात आखडता असायचा. थंडरबर्ड (मेल आणि न्यूज दोन्ही वाचतो) आजही पाचशेपेक्षा जास्त हेडर्स असले तर विचारतो सगळे आणू की शेवटचे पाचशे, ते मला आवडतं, कोणीतरी विचारतंय तरी.

पण खरं सांगू का, डाउनलोड ही अडचणच नाही माझ्यासाठी आता. पाच मिनिटं लागली तर लागू देत, कुकर लावून येतो. वेळ जातो तो आल्यानंतर, ढिगातून हवं ते शोधताना, म्हणून मी रीडर बघतो तो त्याच्या सॉर्टिंगसाठी.

तारखेने लावलं की काम झालं असं वाटतं. तर पोस्टवरची तारीख पाठवणाऱ्याच्या मशीनवरून येते, आणि कोणाचं घड्याळ १९७० मध्ये अडकलेलं असतं, कोणाचं पुढच्या वर्षात गेलेलं. ते महाशय मग यादीच्या टोकाला चिकटून बसतात आणि हलत नाहीत. म्हणून मी कायम पोस्ट सर्व्हरवर आल्या त्या क्रमाने लावतो. सब्जेक्टने लावायचं तर रीडरला "रि:" काढून टाकायची अक्कल हवी, आणि भाग १ नंतर भाग १० न लावता भाग २ लावायचीही. आणि थ्रेड, म्हणजे एका पोस्टखाली लागलेली उत्तरांची साखळी! रेफरन्सेस हेडरवरून कोणाचं उत्तर कोणाला ते जुळवायचं, त्यात मधली एखादी पोस्ट सर्व्हरवरून उडालेली असते. जेमी झविन्स्की या प्रोग्रामरने नेटस्केप ब्राउझरच्या मेल-न्यूजसाठी केलेली पद्धत इथे मला सगळ्यात शहाणी वाटते, हरवलेल्या पोस्टच्या जागी रिकामा डबा ठेवायचा आणि मुलं-नातवंडं त्याखाली लावायची, म्हणजे घर फुटत नाही.

सगळ्यात भारी मात्र स्कोअरिंग. लिनक्सवरच्या पॅन नावाच्या न्यूजरीडरमध्ये एखाद्या लेखकाला किंवा विषयाला मार्क द्यायचे, उणे ९९९९ म्हणजे तोंडही बघायचं नाही, अधिक ९९९९ म्हणजे आधी हेच दाखव, आणि मग स्कोअरने सॉर्ट. दोन आठवडे मन लावून मार्क दिले की चारशे पोस्टमधल्या वीस वर येतात आणि बाकीच्या तळाला. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुगल ग्रुप्सने युजनेटवर पोस्ट करणं बंद केलं, तेव्हापासून स्पॅम इतका घटलाय की माझे निम्मे उणे मार्क रिकामेच पडून आहेत. थंडरबर्डवाल्यांना एवढं नाही, पण के दाबला की अख्खा थ्रेड दुर्लक्षित आणि डब्ल्यू दाबला की नजरेत, तेही पुष्कळ आहे.

आता कावळा. मी आणि एका मित्राने घरच्या जुन्या लॅपटॉपवर छोटा न्यूज सर्व्हर लावून त्यात मराठी सब्जेक्ट टाकून बघितले होते. एका रीडरने (नाव नको) ते सगळे एका गठ्ठ्यात लावले, कारण मराठी सब्जेक्ट हेडरमध्ये एन्कोड होऊन जातो, सुरुवातीला बरोबरचं चिन्ह, मग प्रश्नचिन्ह, मग यूटीएफ-८, आणि हा पठ्ठ्या डिकोड न करताच त्यावर सॉर्ट करत होता. दुसऱ्याने डिकोड केलं, पण "काळ" आधी आणि "कावळा" नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या यादीत, ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलाय, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत ळ कुठे, तर ह च्या पुढे, क्ष ज्ञ च्या अलीकडे. म्हणजे कुठल्याही मराठी शब्दकोशात कावळा आधी, काळ नंतर. नुसत्या कोड नंबरवर लावलं की हे असं होतं, मराठीचे कोलेशन (अक्षरक्रम लावायचे) नियम वापरले की नाही होत. मित्र म्हणाला कोणाला फरक पडतो. मला पडतो ना!

भाच्याने एवढं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "मग मामा, तू तो लॅपटॉपच मध्ये का नाही ठेवत? रात्रभर आणेल सगळं, सकाळी वाचायचं." अरे! लीफनोड नावाचा छोटा सर्व्हर याचसाठी आहे, तुम्ही वाचता तेवढेच ग्रुप तो आधीच खेचून ठेवतो, रीडर घरातल्या घरात बोलतो, पिंग जवळजवळ शून्य. मला माहीत होतं आणि वीस वर्षात एकदाही लावला नव्हता.

रविवारी लावला. आता दोन हजार पोस्ट उघडताना कुकर लावायलाही वेळ मिळत नाही. फक्त या गुरुवारी सकाळपासून लाइट जाणार असा मेसेज आलाय आणि लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची, तेव्हा बुधवारी रात्रीच पॅनमध्ये सगळ्या बॉडीज उतरवून माझ्या रोजच्या मशीनवर घ्यायच्यात.